घरच्या घरी केसांना एक्स्टेंशन लावताय? मग निदान या चुका टाळा

अमेरिकेत बहुतेक राज्यांत पैसे घेऊन दुसऱ्याच्या केसांना एक्स्टेंशन, म्हणजे लांबी किंवा भर वाढवायला वरून जोडायचे केस, लावायचे तर परवाना लागतो. आपल्याकडे तसा परवानाच नाही. आयटीआयमध्ये वर्षभराचा कॉस्मेटॉलॉजीचा ट्रेड आहे, पण तो न करता चार व्हिडिओ पाहून मावसबहिणीच्या डोक्यावर प्रयोग करायला कुणी अडवत नाही. त्यामुळे इंदुरात लग्नसराई लागली की त्याच त्या तक्रारी सुरू होतात: टेप घसरली, टाळू ठणकतेय, रंग वेगळा दिसतोय, काढताना केस हातात आले.

इथे मुख्यतः टेपच्या (चिकट पट्टीने मुळाजवळ चिकटवायच्या) आणि क्लिपच्या (चाप लावून हवे तेव्हा काढायच्या) एक्स्टेंशनबद्दल लिहिलं आहे. गरम केराटिन बाँड, म्हणजे गोंद वितळवून बटीबटीने चिकटवणं, आणि घट्ट वेण्या घालून त्यावर शिवायचं काम घरी शिकायच्या यादीत धरूच नका.

तेल, तेल आणि तेल

टेप सुटली की दोष आधी टेपला दिला जातो. दहातल्या नऊ वेळा टेप चांगली असते, केस तेलकट असतात.

टेपची एक पट्टी साधारण ४ सेंटीमीटर रुंद आणि जेमतेम १ सेंटीमीटर उंच. तिच्यावरच्या केसांचं वजन अडीच ग्रॅमच्या आसपास. एक पट्टी खालून, एक वरून, मध्ये आपल्या केसांचा पातळ थर, म्हणजे त्या इवल्याशा चिकट जागेवर ५ ग्रॅम लटकणार. मध्ये तेलाचा, कंडिशनरचा किंवा सीरमचा पुसटसा थर असला तरी पकड गेली म्हणून समजा.

एका नवरीच्या बाबतीत झालेला प्रकार सांगण्यासारखा आहे. केस पातळ, अंबाड्याला भर हवी, म्हणून हळदीच्या आदल्या संध्याकाळी ४० पट्ट्या लावल्या. लावणारीचा हात वाईट नव्हता, ओळी सरळ होत्या. दुसऱ्या दिवशी हळदीला काकू, आत्या, शेजारपाजार सगळ्यांनी हौसेने तेल-हळद लावली. गालाला, हाताला आणि अर्थातच भांगातही. मग लगेच कडकडीत पाण्याने न्हाणं. संध्याकाळी केशभूषेला बसल्यावर उजव्या कानामागच्या सहा जोड्या दोन-दोन बोटं खाली आलेल्या. घाईत कुणीतरी स्ट्रेटनरने टेप दाबून बसवायचा प्रयत्न केला. त्याने गोंद पातळ होऊन आजूबाजूच्या केसांत पसरला आणि सहा जोड्यांची एक जाडजूड वडी झाली. वर भर म्हणजे एक्स्टेंशनचे फिकट तपकिरी शेंडे हळदीने पिवळे झालेले. बाजारातल्या एक्स्टेंशनच्या केसांवर आधीच रसायनांची प्रक्रिया झालेली असते, त्यामुळे ते डाग आपल्या केसांपेक्षा लवकर धरतात आणि सोडत नाहीत. शेवटी तो भाग गजऱ्यांनी झाकून वेळ मारून नेली.

यात चूक हाताची नव्हती, क्रमाची होती. टेप लावल्यावर ४८ तास पाणी नाही, घाम नाही, घट्ट बांधणं नाही. हळद आधी, डोकं स्वच्छ धुणं त्यानंतर, टेप सगळ्यात शेवटी. हळद आणि लग्न यांत तेवढे दिवसच नसतील तर टेपचा नाद सोडा आणि क्लिप लावा. नवरीच्या आईला हे आधीच तोंडावर सांगावं. ऐनवेळी काकूंचा हात धरता येत नाही.

केस तयार करायची पद्धत अशी. आदल्या रात्रीसुद्धा तेल नको. क्लॅरिफाइंग, म्हणजे तेल आणि साचलेले थर काढून टाकणारा, शाम्पू दोनदा, कंडिशनर अजिबात नाही. शेवटचं धुणं नळाला येणाऱ्या नर्मदेच्या पाण्याने. ज्या घरांत नळ एक दिवसाआड येतो आणि मधल्या दिवशी बोरिंगवर भागवतात, तिथे ही गोष्ट हमखास नडते. बोरिंगच्या जड पाण्याचे क्षार केसांवर बसतात, केस धुऊनही खरखरीत लागतात आणि टेप त्या क्षारांना चिकटते, केसांना नाही. दोन बादल्या भरून ठेवायला काय जातं? मग ड्रायरने मुळापर्यंत पूर्ण कोरडे करा. वरून कोरडे आणि आतून दमट हे चालत नाही. शेवटी ७० टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल कापसावर घेऊन मुळाजवळचे दोनेक सेंटीमीटर केस पुसायचे, टाळू नाही. आणि स्वतःचे हातही. पोहे-जिलबी खाऊन ओढणीला हात पुसून बसलात तर सगळी तयारी फुकट.

पुढचे दोन महिने तेल फक्त शेंड्यांना. या काळात दिवाळी येत असेल तर अभ्यंगस्नानाचं काय करायचं ते लावण्याआधी ठरवा.

लावता येतं, काढता येत नाही

ही दुसरी चूक माझ्या मते सगळ्यात वाईट, कारण हिच्यात केस जातात. लावायचे व्हिडिओ शंभर पाहिले जातात, काढायचा एकही नाही. नवशिक्यांनी उलटं करावं. डमीच्या डोक्यावर चार पट्ट्या लावा, चार काढा, आणि काढताना डमीचा एकही केस तुटणार नाही इथपर्यंत हात बसला की मगच माणसाच्या डोक्याला हात घाला. डमी महाग वाटते, कबूल. चुलतबहिणीचे केस त्याहून महाग.

केस महिन्याला साधारण १ ते १.२५ सेंटीमीटर वाढतात. म्हणजे सहा ते आठ आठवड्यांत टेप मुळापासून दोनेक सेंटीमीटर खाली येते, पिळते, शेजारच्या टेपमध्ये गुंतते. तेव्हा काढायलाच हवी. ‘अजून घट्ट आहे, राहू दे’ म्हणून तीन-चार महिने ठेवणाऱ्यांच्या मुळाशी नमद्यासारखा गठ्ठा होतो.

काढायला टेप रिमूव्हर, म्हणजे गोंद सैल करणारं द्रावण, लागतं. ते दोन पट्ट्यांच्या मधल्या फटीत सोडायचं आणि एक-दोन मिनिटं खरोखर थांबायचं. इथेच सगळ्यांचा धीर सुटतो. मग नखाने एक कोपरा उचलायचा. सहज उचलला गेला तर पट्टी पुस्तकाच्या पानासारखी उघडते. खेचावं लागत असेल तर पुन्हा रिमूव्हर, पुन्हा थांबा. नेलपॉलिश काढायचं द्रावण वापरू नका, टाळूची आग होते आणि केस कोरडे ठणठणीत पडतात. काहीच हाताशी नसेल तर कोमट खोबरेल तेल वीस-तीस मिनिटं मुरवलं तरी गोंद सैल होतो. हळदीला जे नडलं तेच इथे कामाला येतं. फक्त त्यानंतर क्लॅरिफाइंग शाम्पू दोन-तीनदा झाल्याशिवाय नवी टेप लावायची नाही.

पट्टी उघडली की आत केसांचा पुंजका दिसतो आणि रडारड सुरू होते. घाबरायचं कारण नाही. माणसाचे रोज ५० ते १०० केस तसेही गळतात. एरवी ते कंगव्यात येतात. टेपमध्ये धरलेले केस गळले तरी खाली पडायला वाट नसते, ते आठ आठवडे तिथेच साठतात. टोकाला बारीक पांढरा ठिपका असेल तर केस आपसूक गळलेला आहे. ठिपका नसेल, मध्येच तुटलेला असेल, तर मात्र हात जड पडलाय.

आता महत्त्वाचं: हे गळलेले केस विंचरून पूर्ण निघाल्याशिवाय पाणी लावू नका. गुंता ओला झाला की आवळतो आणि मग कात्रीच उरते. मुठीत मूळ धरायचं, शेंड्याकडून विंचरत वर यायचं, आधी मोठ्या दातांचा कंगवा, मग बारीक. पूर्ण डोक्याला एक तास सहज जातो. तेवढा वेळ नसेल तर त्या दिवशी सुरुवातच करू नका.

केसांचा थर आणि कडेची जागा

दोन पट्ट्यांमधला थर इतका पातळ हवा की त्याच्यामागे बोट धरलं तर बोट दिसलं पाहिजे. जाड घेतला तर वरचा गोंद खालच्याला भेटतच नाही, पट्टी घसरते. अगदीच विरळ घेतला तर ५ ग्रॅमचं ओझं मोजक्या केसांवर येतं. रुंदी पट्टीएवढीच; बाजूचे एक-दोन चुकार केस ओढून आत घेतले की त्या जागी रात्रभर ठणका. टेप मुळापासून अर्धा ते एक सेंटीमीटर खाली. मुळाला चिकटवलेली टेप जास्त टिकते हा गैरसमज आहे, ती जास्त दुखते.

पहिली ओळ मानेच्या केसांच्या कडेपासून दोन बोटं वर. कानामागे आणि कानशिलाशी दीड-दोन सेंटीमीटर मोकळे सोडाच. तिथले केस मुळातच नाजूक असतात आणि सततच्या ताणाने टक्कल पहिलं तिथेच पडतं. वर भांगाच्या दोन्ही बाजूंना तीन-चार सेंटीमीटर केस झाकायला ठेवा. नाहीतर पंख्याचा वारा लागला की पट्ट्या दिसतात.

ट्यूबलाइटखाली रंग जुळवणं

राजवाड्याच्या आजूबाजूच्या बाजारात दुकानाच्या आत उभं राहून ‘काळाच ना, द्या’ म्हणून घेतलेलं एक्स्टेंशन हमखास चुकतं. वर्षानुवर्षं मेंदी लावलेले केस उन्हात तांबूस दिसतात, आणि शेजारी निळसर काळं एक्स्टेंशन लगेच वेगळं पडतं. रंगांच्या नंबरांत आपले बहुतेक काळे केस १ नंबरच्या गडद काळ्यात बसत नाहीत, १बी मध्ये, म्हणजे थोड्या सौम्य काळ्यात बसतात. दुकानाबाहेर उन्हात या आणि मुळाशी नाही, शेंड्याशी जुळवा. एक्स्टेंशन शेंड्यातच मिसळणार आहे.

खरे केस की सिंथेटिक, हे दुकानदाराला विचारू नका. दोन केस घेऊन जाळा. खरा केस जळून राख होतो, बोटांत चुरडतो आणि जळक्या पिसांचा वास येतो. सिंथेटिक वितळून कडक गोळी होते. साध्या सिंथेटिकला स्ट्रेटनर लावला तर तो स्ट्रेटनरलाच चिकटेल. खरे असूनही स्वस्त असतील तर ते बहुधा विंचरताना गळलेले, गल्लोगल्ली केसांवर भांडी आणि फुगे देऊन गोळा केलेले केस. त्यात मुळं आणि शेंडे उलटसुलट मिसळतात, केसांवरचे बारीक खवले एकमेकांत अडकतात. वरचा सिलिकॉनचा मुलामा चार धुण्यांत गेला की गुंताच गुंता. एका दिशेचे, रेमी केस महाग पडतात ते याचमुळे. तिरुपतीला अर्पण केलेल्या केसांचा लिलाव होतो तो असा कापलेला, लांबीनुसार निवडलेला माल.

बाकीच्या, थोडक्यात

क्लिप गुळगुळीत केसांवर थेट लावू नका. मुळाशी थोडं बॅककोंबिंग करा (केस उलटे, मुळाकडे विंचरून फुगवा) किंवा बारीक वेणी घालून तिच्यात अडकवा. क्लिप लावून झोपू नका, आणि रोज त्याच जागी लावू नका.

खांद्याच्या वर सरळ कापलेले केस असतील तर कितीही महागडं एक्स्टेंशन लावा, पायरी दिसणारच. लावल्यावर कात्री उभी धरून शेंडे छाटावे लागतात, आणि ते येत नसेल तर ते काम येणाऱ्याकडून करून घ्या.

टेपच्या जवळपास स्ट्रेटनर नको. ओले केस घेऊन झोपणं नको, सैल वेणी घाला.

मायक्रो रिंगमध्ये, म्हणजे बारीक कडी पकडीने दाबून केस जोडायच्या प्रकारात, रिंगच्या आत सिलिकॉन आहे ना बघून घ्या. नुसत्या धातूची रिंग केस कापते. दाबलेल्या दिशेच्या आडव्या दिशेने पक्कड दाबली की ती उघडते, ओढायची नाही.

झटपट चिकटणारा गोंद, पापण्यांचा गोंद, चपलेचा गोंद: नाही. यावर चर्चाही नाही. केसांसाठीचा म्हणून मिळणारा काळा गोंद बऱ्याचदा लॅटेक्सचा असतो, त्याचीही काहींना ॲलर्जी असते. कानामागे ठिपका लावून ४८ तास पाहावं, मग बोलावं.

रंगपंचमीला गेर, म्हणजे रंग उधळत निघणारी मिरवणूक, बघायला राजवाड्यावर जायचं असेल तर क्लिप घरी ठेवा, आणि टेप लावायची असेल तर रंगपंचमी झाल्यावर. पक्का रंग आपल्या केसांतून आठवड्याभरात निघेल, एक्स्टेंशनमधून निघणार नाही.

बाळंतपणानंतर किंवा टायफॉइड, डेंगीनंतर मूठमूठ केस गळत असतील, टाळूवर जखम, सोरायसिस किंवा उवा असतील, तर लावायचंच नाही, समोरचीने कितीही गळ घातली तरी. लावल्यानंतर पहिल्या रात्री थोडं ताणल्यासारखं वाटू शकतं. पट्टी हलकेच वर, खाली, बाजूला उचलून पाहा. त्वचा तंबूसारखी वर उचलली जात असेल तर ती जोडी तेव्हाच काढा, सकाळची वाट नको. मुळाशी बारीक पुळ्या आल्या किंवा दुखणं दुसऱ्या दिवशीही तसंच असेल तर सगळ्याच काढा आणि त्वचेच्या डॉक्टरांना दाखवा. त्यांना कोणता गोंद वापरला ते सांगता यावं म्हणून टेपचं पाकीट फेकू नका.