घोडी अडली की आधी काय बघायचं

अलिबागजवळच्या एका तबेल्यात मी शो-जंपिंगचे, म्हणजे स्वाराला घेऊन अडथळ्यांवरून उड्या मारणारे घोडे तयार करते. शिकायला येणारी मुलं घोडा उडीसमोर अडला की पहिल्याच महिन्यात म्हणायला लागतात, "माजलाय." मीही तेच म्हणायचे, आणि त्याचा त्रास एका घोडीने सोसला.

शर्यतीतून आलेली थरोब्रेड घोडी. एक मीटरची उडी ती सहज मारायची. ऑगस्टमध्ये ती अडायला लागली. तेही उडीकडे डाव्या वळणाने आलं तरच. उजवीकडून आलं की सगळं ठीक. दुसऱ्या नकाराला स्पर्धेतून बाद करतात, स्पर्धा जवळ आली होती, म्हणून मी छडीचा जोर वाढवला. आठ दिवस. ते आठ दिवस मला अजून सलतात.

रोज तिचे खूर साफ करणारे आमचे सईस मामा शेवटी म्हणाले, "ताई, ही हट्टी नाय. पाय राखून टाकतेय."

अरेनातल्या, म्हणजे सरावाच्या मैदानातल्या मऊ वाळूवर दुडकीत काहीच दिसत नव्हतं. मामांनी तिला शेडखालच्या कडक जमिनीवर डावीकडे गोल फिरवलं. तेव्हा पुढचा डावा पाय टेकला की डोकं किंचित वर जायचं, उजवा टेकला की खाली यायचं. पुढच्या पायाचं लंगडणं असंच ओळखतात: दुखऱ्या पायावर डोकं वर. डोळ्याला पटकन दिसत नाही. मोबाइलवर स्लो मोशनमध्ये घेतलं की दिसतं.

पावसाळ्यात गेटवे-मांडवा लाँच बंद, त्यामुळे मुंबईहून येणाऱ्या नालबंदाची फेरी चुकली होती. पाच-सहा आठवड्यांनी बदलायची नाल नऊ आठवडे तशीच होती. खूर वाढून पुढे गेला आणि नालेचं मागचं टोक टाचेच्या कोपऱ्यावर दाबायला लागलं. नालबंदाने नाल काढून तिथे चिमटा लावला, तसा तिने पाय हिसकला. वरचा पातळ थर खरवडल्यावर रुपयाएवढा लालसर डाग दिसला. याला कॉर्न म्हणतात. डाव्या वळणावर जास्त भार आतल्या, म्हणजे डाव्या पायावर येतो. ती कारण सांगत होती, मला ऐकू येत नव्हतं.

तेव्हापासून मी आधी नमुना शोधते. एकाच बाजूने अडते का? उडीनंतर नेहमी एकाच लीडवर, म्हणजे तोच पुढचा पाय पुढे टाकत उतरते का? आधी न अडणारा घोडा अचानक अडायला लागला, तर मी दुखणंच गृहीत धरते. आणि फक्त अडण्याकडे बघू नका. उडीकडे धावत सुटणारा घोडाही कधी कधी दुखण्यापासूनच पळत असतो. त्याला आपण 'जोशात आहे' म्हणतो.

स्यू डायसन या पशुवैद्यक बाईंनी 2018 मध्ये स्वाराखाली सपाटीवर, म्हणजे उडीशिवाय काम करणाऱ्या घोड्यांच्या वागण्याची 24 लक्षणांची यादी मांडली. कान मागे वळवून पाच सेकंद किंवा जास्त ठेवणं, शेपूट सारखं झटकणं, तोंड उघडं ठेवणं, एकटक बघणं. यांतली आठ किंवा जास्त दिसली, तर दुखणं असण्याची शक्यता मोठी. मी नवख्यांना ही यादी पाठ करायला लावते.

तंग (सॅडलचा पोटाखालचा पट्टा) आवळताना चावतो? पोटात अल्सर असू शकतो, कारण घोड्याच्या जठरात आम्ल सतत पाझरतं. चारा तासन्‌तास नसेल तर ते वरच्या अस्तराला लागतं. सॅडल काढल्यावर घामाच्या ओल्या पाठीवर कोरडा पट्टा राहिला, तर तिथे दाब पडत असू शकतो. आणि आपल्या दमट हवेतला एक आजार: काही घोड्यांना घाम येणंच कमी होतं किंवा बंद होतं. मे महिन्यात 'आळशी' झालेल्या घोड्याचं अंग कोरडं आणि धाप जास्त असेल, तर काम थांबवा, पाणी मारा, डॉक्टरांना बोलवा. दुखणं लपवणारी गोळी स्वतःच्या मनाने देऊन उडी घेऊ नका.

उलटंही घडतं. एक तरुण घोडा निळ्या ताडपत्रीसमोर थांबायचा. खूर, पाठ, दात सगळं तपासलं, दोष नव्हता. स्वार बदलला आणि तो थेट गेला. पहिला मुलगा उडीआधी खाली बघत पुढे झुकायचा आणि लगाम सोडून द्यायचा. म्हणून एका वेळी एकच गोष्ट बदला: स्वार, नाहीतर सॅडल, नाहीतर जमीन. तीनही एकदम बदललीत तर काहीच कळणार नाही.

घोडीचा खूर काही आठवड्यांत बरा झाला, पण डावीकडून ती तरीही थबकायची. दुखणं गेलं, तरी त्याची आठवण उरली होती. जमिनीवरच्या दांड्यांपासून पुन्हा सुरुवात केली, मग छोटी फुली (दोन तिरक्या दांड्यांची बुटकी उडी), मग साठ सेंटिमीटर. छडी तबेल्यातच ठेवली. दिवाळीपर्यंत ती दोन्हीकडून एक मीटर मारायला लागली.

आता मे महिन्यातच नालबंदाशी पावसाळ्यातल्या फेऱ्यांच्या तारखा ठरवते. लाँच बंद असली, तर वडखळमार्गे गाडी पाठवते आणि तो खर्च तबेल्याच्या हिशेबात आधीच धरते.