बुधाच्या ४३ विकला कोडमधून काढताय? या चुका टाळा

बुधाचा उपसूर्य बिंदू (कक्षेतला सूर्याच्या सर्वांत जवळचा बिंदू) सापेक्षतेमुळे दर फेरीला सुमारे ०.१ विकला (विकला म्हणजे अंशाचा ३,६०० वा भाग) पुढे सरकतो. फेरी ८८ दिवसांची, शतकात ४१५ फेऱ्या, म्हणून ४३ विकला. आइनस्टाइनने नोव्हेंबर १९१५ मध्ये काढलेला हा आकडा बुधाची कक्षा पायरी-पायरीने चालवणाऱ्या पन्नास ओळींच्या पायथनमध्ये सहज यावा असं वाटतं. पहिल्या धावेत मात्र हजारो विकला येतात, कधी तर उलट्या दिशेने.

आधी सूत्रातलं सापेक्षतेचं पद शून्य करा आणि तोच कोड पुन्हा चालवा. एकटा सूर्य, एकटा बुध, निखळ न्यूटन: कक्षा जागची हलता कामा नये. हलतेच! लीपफ्रॉग पद्धत (स्थान आणि वेग आळीपाळीने पुढे नेणारी) ऊर्जा छान सांभाळते, पण कक्षा स्वतःच फिरवते, आणि एका दिवसाची पायरी (दोन हिशोबांमधला वेळ) घेतली तर खऱ्या परिणामाच्या कितीतरी पट. पायरी निम्मी केल्यावर हे फिरणं चौथाई झालं, तर दोष पायरीचा. ऑयलर या सर्वांत साध्या पद्धतीबद्दल बोलायलाच नको.

दुसरी चूक मी स्वतः बरेच दिवस केली. सर्वांत कमी अंतराची पायरी शोधायची आणि तिथला कोन उपसूर्याचा म्हणून लिहून ठेवायचा. तिथे बुधाचा वेग सेकंदाला ५९ किमी आणि अंतर ४.६ कोटी किमी असतं. म्हणजे तासाभरात तो साडेनऊशे विकला कोन कापतो. तासाच्या पायऱ्यांनी ०.१ विकला शोधणं म्हणजे गवंड्याच्या फुटपट्टीने केस मोजणं. त्याऐवजी स्थान आणि वेग यांचा अदिश गुणाकार ऋणाचा धन होतो तो उपसूर्याचा क्षण दोन पायऱ्यांच्या मधे अंतर्वेशनाने (दोन्हीकडच्या आकड्यांवरून मधला अंदाजून) काढा. किंवा उपसूर्याकडे रोखलेल्या लाप्लास-रुंगे-लेंझ सदिशाची दिशा पाहा. फक्त ती दर फेरीत एकाच टप्प्यावर मोजा, कारण फेरीच्या आत ती थोडी झुलते.

चाचणीसाठी प्रकाशवेगाला १०० ने भागा, परिणाम १०,००० पट होतो: दर फेरीला १७ कला (एक कला म्हणजे ६० विकला). हा आकडा नीट आला की मगच खरा वेग घाला. चलं डबल प्रिसिजनची हवीत, सिंगलचे सात अंक इथे पुरत नाहीत.

आता सापेक्षतेचं पद. न्यूटनच्या त्वरणाला १ + ३ × (कोनीय संवेग ÷ (अंतर × प्रकाशवेग))² ने गुणतात. हा कोनीय संवेग एक किलोमागचा. बुधाचं वस्तुमान त्यात घुसडलं की उत्तर भलतंच. उत्तर ७ विकलांच्या आसपास अडकलं असेल, तर तुम्ही फक्त विशिष्ट सापेक्षता घातली आहे, ती सहावा हिस्साच देते. जी (गुरुत्व स्थिरांक) आणि सूर्याचं वस्तुमान वेगवेगळे घेऊन गुणू नका. त्यांचा गुणाकार थेट जास्त अचूक माहीत आहे: १.३२७१२४ × १०²⁰ घनमीटर प्रति वर्ग सेकंद.

वरच्या पदाऐवजी वेगावर अवलंबून असलेलं पोस्ट-न्यूटोनियन त्वरण (न्यूटनच्या सूत्रात सापेक्षतेची छोटी सुधारणा) वापरत असाल तर न्यूटनची ऊर्जा फेरीगणिक किंचित वरखाली होईल. तो बग नाही, ऊर्जेच्या सूत्रातही सुधारणा लागते. साधा लीपफ्रॉगही तिथे जसाच्या तसा चालत नाही, चौथ्या क्रमाची रुंगे-कुट्टा ही जास्त अचूक पद्धत बरी.

बाकीचे ग्रह घातले की शतकात सुमारे ५७५ विकला येतात. घाबरू नका, त्यातल्या ५३२ शुक्र-गुरू वगैरेंच्या ओढीच्या. तोच संच सापेक्षतेशिवाय चालवून वजा करा. पुस्तकांतल्या ५,६०० विकलांत पृथ्वीच्या अक्षाची परांचन गतीही (भोवऱ्यासारखं संथ डुलणं) असते. ती तुमच्या कोडमध्ये दिसणारच नाही.

पडताळणीसाठी शुक्र निवडू नका. शतकाला ८.६ विकला आहेत खऱ्या, पण उत्केंद्रता (कक्षेचा लांबटपणा) ०.००७, कक्षा जवळपास गोल, म्हणून उपसूर्य बिंदूच धड सापडत नाही. इकारस लघुग्रह घ्या: उत्केंद्रता ०.८३, उत्तर शतकाला १० विकला. मात्र तो बुधापेक्षाही सूर्याच्या जवळ जातो, तेव्हा पायरी आणखी लहान करा.