ढालकिड्याची नवी जात सापडली असे वाटतेय? आधी या चुका टाळा

करडईवर, चवळीवर मावा चढला की विदर्भातल्या वावरांत ढालकिडे (लेडीबर्ड भुंगेरे) दिसू लागतात. मग कृषी महाविद्यालयाची मुलं, गावातले शिक्षक, एखादा हौशी शेतकरी फोटो पाठवून विचारतात, ‘ही नवी जात तर नाही?’ हा प्रश्न विचारलाच पाहिजे. जगात ढालकिड्यांच्या सुमारे सहा हजार जाती नोंदल्या गेल्या आहेत, आणि दोन-तीन मिलिमीटरच्या तपकिरी, लवदार ढालकिड्यांकडे आपल्या भागात फार कमी लोकांनी लक्ष दिले आहे. वरूड-काटोलकडच्या संत्राबागेतही अनोळखी जात निघू शकते. मात्र ती नवी असल्याचे ठरते टेबलावर, जुन्या जातींशी ताडून पाहिल्यावर. बहुतेक दावे तिथेच गळतात.

ठिपके मोजून निकाल देणे

सगळ्यात जास्त फसगत इथे होते. आपल्या पऱ्हाटीत नेहमी दिसणारा चेलोमेनेस सेक्समॅक्युलाटा घ्या. नावात सहा ठिपके आहेत, प्रत्यक्षात बहुतेकदा पाठीवर नागमोडी काळ्या रेघा असतात. त्याच जातीत कुणी जवळजवळ पूर्ण काळा, तर कुणी जवळजवळ बिनठिपक्यांचा असतो. कोषातून नुकताच निघालेला कोणताही ढालकिडा फिकट आणि मऊ असतो. ठिपके काही तासांनी उमटतात. असा किडा दिसला तर लगेच मारू नका, डबीत ठेवून दुसऱ्या दिवशी बघा. जुने नमुने वाळल्यावर लाल रंग उतरतो, तेव्हा पेटीतल्या रंगावरही विसंबू नका.

दुसरी गफलत बाहेरून आणलेल्या किड्यांची. क्रिप्टोलीमस मॉन्ट्रोझिएरी हा ऑस्ट्रेलियातला ढालकिडा १८९८ मध्ये भारतात आणला गेला आणि आज पिठ्या ढेकणाच्या बंदोबस्तासाठी विकत मिळतो. त्याच्या अळीवर पांढरे मेणचट तंतू असल्याने ती हुबेहूब पिठ्या ढेकणासारखी दिसते. शेतकरी तिच्यावर फवारणी करतात आणि विद्यार्थी तिला नवलाईची अळी समजतात. शेजारच्या बागेत कुणी मित्रकिडे सोडले होते का, हे आधी विचारा.

नराची जननेंद्रिये न पाहणे

सायम्नस किंवा नेफस या बारीक, लवदार ढालकिड्यांच्या गटातल्या दोन जाती बाहेरून अगदी सारख्या असू शकतात. खरा फरक नराच्या जननेंद्रियांत असतो: टेगमेनचा (बाहेरच्या कडक भागाचा) आकार, पॅरामिअरची (त्याच्या बाजूच्या दोन दांड्यांची) लांबी, सायफोचे (आतल्या वाकड्या नळीचे) टोक. ही चित्रे नसतील तर तुमचे वर्णन पुढच्या अभ्यासकाच्या काही कामाचे नाही, मग पाठीचा फोटो कितीही देखणा असो.

पोट अलगद वेगळे करून १० टक्के पोटॅशियम हायड्रॉक्साइडमध्ये गरम पाण्याच्या भांड्यात काही मिनिटे ठेवा, किंवा थंडच रात्रभर. स्नायू विरघळले की काढा. जास्त वेळ राहिले तर भाग पारदर्शक होतात आणि कडा दिसेनाशा होतात. त्यामुळे गरम करताना दर दोन मिनिटांनी पाहत राहा. पाण्यात धुऊन ग्लिसरीनमध्ये ठेवा. कायमची स्लाइड करू नये असे माझे ठाम मत आहे, कारण सायफो सगळ्या बाजूंनी फिरवून पाहावा लागतो. ग्लिसरीनची बारीक कुपी त्याच किड्याच्या टाचणीला लावा, म्हणजे कुठले पोट कुठल्या किड्याचे हा घोळ होणार नाही.

उन्हाळ्यात आपल्याकडे नमुने कडक वाळतात आणि हात लावला की पाय गळतात. ओल्या वाळूच्या बंद डब्यात कार्बोलिक आम्लाचे दोन थेंब टाकून नमुना दिवसभर ठेवला की तो नरम पडतो आणि बुरशीही धरत नाही.

एकाच किड्यावर जात बांधायचा मोह आवरा. त्याच झाडावर पुन्हा जा, नर-मादी दोन्ही मिळवा, अळ्या वाढवून बघा.

अर्धवट लेबल

‘नागपूर जिल्हा, ७-८-२३’ एवढेच लिहिलेले लेबल मुकेच म्हणायचे. ऑगस्ट की जुलै? आणि खापरी लिहिले तरी कोणती खापरी? या नावाची गावे एकाहून जास्त आहेत. महिना रोमन अंकात लिहा. गाव, तालुका, अक्षांश-रेखांश, झाडाचे नाव लिहा, आणि किडा काय खात होता तेही: मावा, काळी माशी, पिठ्या ढेकूण की पानच. वांग्याची पाने खाणारा, २८ ठिपक्यांचा हेनोसेपिलॅक्ना हाही ढालकिडाच आहे, पण त्याच्या आहारावरून त्याचा गट लगेच कळतो. अल्कोहोलमधल्या नमुन्यासोबत पेन्सिलीनेच लिहा. बॉलपेनची शाई विरघळते.

मेळघाट, ताडोबासारख्या संरक्षित क्षेत्रात वनविभागाच्या परवानगीशिवाय एकही किडा उचलू नका.

जुने वाङ्मय न चाळणे

डॅनिश कीटकशास्त्रज्ञ फॅब्रिशियसने अठराव्या शतकातच आपल्याकडच्या कित्येक जातींना नावे दिली. फ्रेंच अभ्यासक एत्येन मुलसाँचे मोठे काम १८५० चे, पुढे भारतीय ढालकिड्यांचे अभ्यासक ए. पी. कपूर यांचे, आणि डॉ. जे. पूरणी यांची भारतीय उपखंडाची सूची २००२ ची. आपला किडा यांतल्या एखाद्या विस्मृत नावाचा नाही, हे दाखवण्याची जबाबदारी दावा करणाऱ्याची असते. बंगळूरूच्या राष्ट्रीय कृषी कीटक संसाधन ब्यूरोकडे किंवा दिल्लीच्या पुसा संग्रहाकडे नमुना ताडून पाहण्याची विनंती करा.

नावाची घाई

प्रबंधात, वर्तमानपत्रात किंवा व्हॉट्सअ‍ॅपवर नवे नाव आधी फोडू नका. पुढे हेच नाव वैध कधी झाले यावर वाद होतात. केवळ ऑनलाइन निघणाऱ्या नियतकालिकात २०१२ पासून झूबँकची (प्राण्यांच्या शास्त्रीय नावांच्या ऑनलाइन नोंदवहीची) नोंदणी लागते, आणि ती निबंधात दिसावीही लागते. १९९९ नंतरच्या प्रत्येक नव्या जातीसाठी नाव ज्यावर बांधले जाते तो नमुना, म्हणजे बहुतेकदा होलोटाइप, स्पष्टपणे ठरवून तो कोणत्या संग्रहात आहे हे सांगावे लागते. जैवविविधता कायदा २००२ च्या कलम ३९ नुसार नव्या जातीची माहिती आणि नमुने सरकारने नेमलेल्या भांडारात द्यावे लागतात. कॉलेजच्या कपाटात होलोटाइप ठेवून भागत नाही. आपल्या पावसाळ्यात तिथे बुरशी येते, आणि अँथ्रेनस या वाळलेले नमुने खाणाऱ्या भुंगेऱ्याच्या अळ्या पेटीतले किडे कुरतडून पीठ करतात. पॅराटाइप, म्हणजे वर्णनासाठी वापरलेले बाकीचे नमुने, दोन-तीन संग्रहांत वाटून द्या, आणि कोणता क्रमांक कुठे गेला ते निबंधातच छापा.