हीटरभोवती तारेचा पिंजरा घरच्या घरी कसा करावा

सळईच्या हीटरला पुढे जी जाळी बसवलेली येते, ती बोट थेट लाल सळईवर पडू नये एवढ्यापुरतीच असते. सळईपासून ती जेमतेम दोन-तीन सेंटिमीटरवर असल्यामुळे स्वतःच चांगली तापते. उघड्या धातूचे तापमान ७० अंश सेल्सिअसच्या आसपास असले, तर एका सेकंदाच्या स्पर्शानेही कातडी भाजते. रांगते बाळ, तोल जाणारे आजोबा, ऊब शोधत येणारी मांजर यांच्यासाठी ती जाळी पुरेशी नाही. कामाच्या खोलीत तर पायाने लोटला जाणारा भुसा आणि रंधा मारताना उडणारे कपचे हीटरपर्यंत पोहोचतातच.

म्हणून बाहेरून दुसरा, मोठा आणि सुटा पिंजरा करायचा. त्याचे खरे काम अंतर राखण्याचे आहे, आणि ते अंतर ठरल्याशिवाय तार कापायला घेऊ नका. उत्तम जाळी हीटरला चिकटवून बसवली, तर ती दुसरी तापलेली जाळी होते, एवढेच.

इथे सांगितलेला पिंजरा विजेवर चालणाऱ्या, पंखा नसलेल्या सळईच्या हीटरसाठी आहे. पंख्याच्या हीटरची हवा ओढायची बाजू अडता कामा नये, आणि गॅसच्या हीटरला जळण्यासाठी हवा लागते, वर धूरही जातो. त्यांना त्यांच्या माहितीपत्रकात सांगितलेलाच गार्ड लावावा. हीटरला मुळात असलेली जाळी मात्र कधीही काढू नका.

आधी मापे

समजा हीटर ४० सेंमी रुंद, ३० सेंमी उंच आणि १५ सेंमी खोल आहे. पुढे १५, दोन्ही बाजूंना आणि मागे १०-१०, वर १५ सेंमी जागा सोडू. पिंजरा झाला ६० सेंमी रुंद, ४५ उंच, ४० खोल. माहितीपत्रकात यापेक्षा जास्त अंतर दिले असेल तर तेच धरा. हीटरचे तोंड वरखाली वळत असेल, तर ते सर्वांत पुढे आलेले असताना माप घ्या.

या मापांचा एक फायदा आहे. २५ मिमीच्या जाळीत ६० सेंमी म्हणजे बरोबर २४ घरे, ४५ म्हणजे १८ आणि ४० म्हणजे १६. टेप बाजूला ठेवून नुसती घरे मोजत काम करता येते आणि चूक होत नाही. तुमच्या हीटरची मापे वेगळी असतील, तरी शेवटचा आकडा २५ मिमीच्या पटीत वर न्या.

कोणती जाळी

वेल्डमेश घ्या, म्हणजे तारा एकमेकींना वेल्ड केलेली चौकोनी घरांची जाळी. विणलेली जाळी कापल्यावर उसवते. २५ मिमी घर आणि २ मिमी तार असेल, तर सुमारे ८५ टक्के भाग मोकळा राहतो. १२.५ मिमी घर आणि १.६ मिमी तार घेतली तर ७६ टक्के. घरात लहान मूल असेल तर दुसरीच घ्या. २५ मिमीच्या घरातून बोट गेले तरी १५ सेंमीवरच्या हीटरला लागत नाही, पण मुले बोटापाशी थांबत नाहीत. पेन्सिल, चमचा, झाडूची काडी, हाताला येईल ते आत घालतात.

डासांच्या जाळीसारखी बारीक जाळी नको. हम्फ्री डेव्हीने १८१५ साली खाणकामगारांसाठी जो दिवा केला, त्यात बारीक जाळी ज्योतीची उष्णता इतकी ओढून घेते की ज्योत जाळीपलीकडे जातच नाही. तिथे हा गुण जीव वाचवतो. इथे मात्र खोलीत यायची ऊब जाळीतच अडकते, जाळी तापते आणि धाग्यांनी तुंबते.

प्लास्टिकचे आवरण असलेली जाळी घेऊ नका, ते मऊ पडते आणि वास सोडते. स्टेनलेस स्टील सर्वांत चांगले. जस्ताचा मुलामा असलेली, म्हणजे जीआय जाळीही चालते. जस्त सुमारे ४२० अंशांना वितळते आणि १५ सेंमी अंतरावर जाळी तिथवर जात नाही. पण जीआय जाळीवर वेल्डिंग करू नका. जळणाऱ्या जस्ताचा पांढरा धूर छातीत गेला, तर काही तासांनी हुडहुडी भरून ताप येतो. डाखही नको, नेहमीचा कथील-शिशाचा डाख १८५ अंशांच्या आसपासच पातळ होतो. आपण सगळे जोड तारेच्याच वळणांनी करणार आहोत.

जाळीशिवाय १० मिमीची साधी लोखंडी सळई दोन मीटर, १.२ मिमीची बांधायची तार, वायर कटर, पकड, कानस, व्हाइस, सी-क्लॅम्प आणि दोन सरळ लाकडी पट्ट्या लागतील. जाड हातमोजे आणि गॉगल तर हवेतच. कापलेल्या तारेचा तुकडा कटरमधून डोळ्याच्या उंचीवर उडतो.

तळाची चौकट

सळई व्हाइसमध्ये धरा, मोकळ्या टोकावर पाइप चढवा आणि त्याच्या जोरावर काटकोनात वळवा. चार वळणे घेऊन ६० बाय ४० ची चौकट होते. तिची दोन टोके मागच्या बाजूला येऊ द्या आणि त्यांच्यात ५ सेंमी फट ठेवा, म्हणजे पिंजरा वायरवरून अलगद खाली ठेवता येतो. टोके कानसीने गोल करा.

एवढी जाड सळई वजनासाठी आहे. सळईच्या व्यासाचा वर्ग भागिले १६२ केले की एका मीटरचे वजन किलोत निघते. १० मिमीला ते ०.६१७ किलो येते, म्हणजे चौकट सव्वा किलोला थोडी कमी. सगळे मिळून पिंजरा साडेतीन किलोच्या आसपास जातो आणि त्यातला साधारण एक तृतीयांश भार तळाच्या सळईत राहतो.

पिंजऱ्याला तळ ठेवायचा नाही, हे मी अनुभवाने सांगतो. माझ्या पहिल्या पिंजऱ्याला मी मजबुतीसाठी तळालाही जाळी लावली होती. हीटर कलंडला की बंद व्हावा म्हणून त्याच्या बुडाखाली एक छोटे बटण असते. मी पिंजरा हीटरसकट तिरपा करून पाहिला, तरी सळया लालच! तळाची एक तार नेमकी बटणाखाली येऊन ते दाबून धरत होती. त्याच दिवशी मी तळ कापून काढला.

भिंती

जाळी जमिनीवर सपाट करून ८१ घरे लांब आणि १९ घरे उंच पट्टी कापा. मागची २४, बाजूची १६, पुढची २४, दुसऱ्या बाजूची १६ आणि उरलेले एक घर जोडासाठी. आता सर्वांत खालची आडवी तार कापून काढा. तिथे २५ मिमी लांबीची उभी टोके मोकळी राहतील, ती पुढे सळईला गुंडाळायची आहेत. वरची आडवी तार मात्र शाबूत ठेवा.

वाकवताना घाई करू नका. जिथे कोपरा हवा तिथली उभी तार पट्टीच्या कडेपासून चारेक मिलिमीटर बाहेर राहील, अशा बेताने जाळी दोन लाकडी पट्ट्यांमध्ये क्लॅम्पने आवळा. वळण वेल्डच्या टिकलीवर आले तर टिकली तुटते, बाजूला आले तर आडव्या तारा एकसारख्या वाकतात. मोकळ्या भागावर लाकडाचा ठोकळा धरून हातोडीने हलके ठोके देत काटकोन आणा आणि गुण्या लावून पाहा. अशी चार वळणे, शेवटचे त्या एका घरासाठी.

ते घर मागच्या भिंतीवर चढवून दर ५ सेंमीवर बांधायच्या तारेचा पीळ द्या. पिळाचे टोक कापून जाळीला सपाट दाबा. नंतर पिंजरा सळईच्या चौकटीवर बसवा आणि खालची टोके पकडीने एकेक करून सळईभोवती गुंडाळा. आधी चारही कोपरे, मग प्रत्येक भिंतीचा मध्य, मग उरलेली. एका टोकापासून सरळ निघालात तर जाळी पुढे सरकत जाते आणि शेवटच्या कोपऱ्यात फुगा येतो.

मागे सळईच्या फटीवर दोन घरे रुंद आणि दोन घरे उंच खिडकी कापा. तिच्या कडेला पातळ पत्र्याची पट्टी दुमडून बसवा आणि कडा कानसीने घासून गुळगुळीत करा. इथे आळस नको. तारेच्या टोकाने वायरचे आवरण चिरले, तर सगळ्या पिंजऱ्यात वीज उतरते. वायर या खिडकीतून मागे निघून जमिनीवरच राहावी, जाळीला टेकू नये.

छप्पर

२६ बाय १८ घरांचा तुकडा कापा. कडेच्या चारही तारा आणि कोपऱ्यांतली चार घरे काढून टाका. मधला २४ बाय १६ चा भाग भिंतींवर ठेवून चारही बाजूंची टोके भिंतीच्या वरच्या तारेवरून आत वळवा. शेवटी डोळे मिटून सगळ्या कडांवरून तळहात हळू फिरवा. जिथे बोचेल तिथे कानस.

पेटवण्याआधी आणि नंतर

पुढच्या जाळीच्या मधोमध तळहाताने जोर द्या. दोन सेंटिमीटरपेक्षा जास्त दबत असेल, तर ६ मिमीची एक सळई मधून आडवी बांधा. लहान मूल असेल तर पिंजरा भिंतीतल्या दोन हुकांना मागून अडकवा, कारण साडेतीन किलो ओढणे दोन वर्षांच्या मुलाला जमते.

मग खिडक्या उघडून हीटर अर्धा तास चालवा. तारेवरचे तेल जळून थोडा वास येईल. तापमान पाहायला लेझरची बंदूक नको. तिचा ठिपका तारेपेक्षा मोठा असतो आणि चकचकीत धातूवर ती कमी आकडा दाखवते. तारेला टेकवून तापमान मोजणारा थर्मोकपल असेल तर तो वापरा आणि छपराचा मध्य तपासा, कारण गरम हवा तिथूनच वर जाते. कुठेही आकडा ५५-६० अंशांपुढे गेला, तर त्या बाजूचे अंतर वाढवून पिंजरा पुन्हा करा.

पिंजऱ्यावर कपडे वाळत घालू नका. पडदे, गाद्या, कागद एक मीटर लांबच ठेवा. कामाच्या खोलीत दर आठवड्याला, हीटर पूर्ण गार झाल्यावर आणि प्लग काढून, पिंजरा उचला आणि आतला भुसा ब्रशने झाडून काढा. त्याच वेळी वायरच्या खिडकीपाशी आवरणावर ओरखडा पडलाय का, हे बोटाने चाचपून बघा.