कॉलेज बंद असताना रक्तदाब मोजायला कसं शिकवावं

मार्च २०२० मध्ये वैद्यकीय महाविद्यालयांचे वर्ग बंद झाले, तेव्हा नव्या क्षमताधिष्ठित (विद्यार्थ्याला प्रत्यक्ष काय करता येतं यावर भर देणाऱ्या) अभ्यासक्रमाची पहिलीच बॅच, २०१९ची, एमबीबीएसच्या पहिल्या वर्षात होती. मी शरीरक्रियाशास्त्र शिकवते. ‘पेशंटला हात न लावता डॉक्टर कसा घडणार?’ असं विभागातले ज्येष्ठ विचारायचे, आणि तो प्रश्न मला आजही रास्त वाटतो. पुन्हा तशी वेळ आली तर विभागप्रमुखांनी ही शंका मोडून काढायच्या मागे लागू नये. तिच्यावरच वेळापत्रक बांधावं.

प्रत्येक शिक्षकाला आपल्या विषयाचे दोन भाग करायला सांगा: पडद्यावर कळेल ते आणि हातानेच येईल ते. जॉर्ज मिलर यांनी १९९० मध्ये मांडलेला पिरॅमिड इथे कामी येतो. माहीत असणं, कसं करायचं ते माहीत असणं, करून दाखवणं, आणि प्रत्यक्ष कामात करणं. खालच्या दोन पायऱ्या ऑनलाइन चढता येतात, वरच्या दोन राहतात. हे विभागाच्या बैठकीत उघडपणे मान्य केलं की विरोध करणारे शिक्षकही मनापासून कामाला लागतात, कारण मग त्यांना न पटणारी बतावणी करावी लागत नाही.

आता रक्तदाब घेऊ. तत्त्व, दंडाला गुंडाळायच्या पट्ट्याची, म्हणजे कफची, रुंदी दंडाच्या मापाची का हवी, स्टेथोस्कोप लावण्याआधी नाडीवरून वरच्या दाबाचा अंदाज का घ्यायचा, हे पंधरा मिनिटांच्या व्हिडिओत बसतं. तो कमी डेटात उतरेल असा बनवून आधी पाठवा. घरात एकच फोन आणि रेंज फक्त गच्चीवर, अशा मुलामुलींना तासभराचं लाइव्ह लेक्चर झेपत नाही. लाइव्ह वेळ छोट्या गटांत, प्रश्नांसाठी ठेवा आणि नाव घेऊन विचारा. काळ्या चौकोनांशी एकट्याने बोलत राहिलं की शिक्षक खचतो.

कोरोटकॉफचे आवाज, म्हणजे कफमधली हवा सोडताना स्टेथोस्कोपमधून ऐकू येणारे ठोके, ऐकवताना खबरदारी घ्या. मीटिंगच्या ॲपमधली गोंगाट कमी करणारी सोय असे मंद ठोके गोंगाट समजून गाळून टाकू शकते. त्यामुळे ते लाइव्ह ऐकवण्याच्या भरीस पडू नका. पारा उतरतानाचं चित्रण आवाजासकट रेकॉर्ड करा, फाइल पाठवा आणि इअरफोन लावूनच ऐकायला सांगा. फोनच्या स्पीकरवर खालच्या पट्टीतले आवाज नीट उमटत नाहीत. पहिला ठोका कुठे आला आणि आवाज कुठे नाहीसा झाला, ते आकडे प्रत्येकाने लिहून पाठवायचे. कुणी ११७ लिहिलं तर लगेच फोन करा. पट्टीवरच्या खुणा २-२ मिलिमीटरच्या असतात, म्हणजे त्या मुलाने पट्टी नीट वाचलेली नाही. ही तपासणी शंका घेणाऱ्या ज्येष्ठांकडे सोपवा. इतकी करडी नजर दुसऱ्या कुणाची नसते.

घरी खरोखर करता येण्यासारखंही थोडं आहे. आजीची मनगटातली नाडी पूर्ण मिनिटभर मोजा, आधी आडवं असताना, मग उभं राहिल्यावर. श्वास मोजा, पण तिला न सांगता. सांगितलं की श्वासाची लय बदलते.

याच्या जोडीला विभागात एक वही ठेवा: कुणाचा कुठला हात बसायचा राहिला आहे. कॉलेज उघडलं की लेक्चर थांबवून आधी ती वही संपवा. दोघांना एकदम ऐकता येणारा शिकवण्याचा स्टेथोस्कोप असेल तर उत्तम; कानात घालायचं टोक मात्र दर विद्यार्थ्यामागे पुसून घ्या. विद्यार्थ्याच्या कौशल्यांची नोंद असलेल्या लॉगबुकमधल्या ‘करून दाखवलं’ या रकान्यात तोवर सही करू नका. परीक्षा तोंडावर आली, पालकांचे फोन आले, तरी रकाना कोराच राहू द्या.