सीप्लेनची चेकलिस्ट: चुका कुठे होतात आणि त्या कशा टाळाव्यात

जळगाव आणि शिरपूर येथे वैमानिक प्रशिक्षण घेणारे विद्यार्थी डांबरी धावपट्टीवर उड्डाण शिकतात. 31 ऑक्टोबर 2020 रोजी साबरमती ते केवडिया ही सीप्लेन सेवा सुरू झाली होती (2021 मध्ये ती बंद पडली), आणि ज्या सरदार सरोवराच्या पायथ्याशी केवडिया आहे त्याचा फुगवटा आपल्या अक्कलकुवा व धडगाव तालुक्यांपर्यंत येतो. त्यामुळे पाण्यावरून उड्डाण करण्याची इच्छा असलेल्या खान्देशातील तरुण वैमानिकांनी एक गोष्ट आधीच समजून घेतली पाहिजे: धावपट्टीवर अंगवळणी पडलेली चेकलिस्ट पाण्यावर जशीच्या तशी वापरता येत नाही, आणि एका ठिकाणी तर ती सवयच जिवावर बेतू शकते.

ते ठिकाण म्हणजे चाके. ॲम्फिबियन, म्हणजे जमीन आणि पाणी दोन्हींवर उतरणाऱ्या सीप्लेनच्या फ्लोटमध्ये (विमानाला पाण्यावर तरंगवणाऱ्या पोकळ भागांत) आत-बाहेर होणारी चाके असतात. धावपट्टीवर उतरताना ती खाली हवीत, तर पाण्यावर उतरताना ती वर घेतलेलीच असली पाहिजेत. चुकून चाके वर ठेवून धावपट्टीवर उतरल्यास फ्लोटचा तळ घासला जातो, नुकसान होते, परंतु माणसे बहुधा सुखरूप बाहेर येतात. याउलट चाके खाली ठेवून पाण्यावर उतरल्यास ती पाण्यात रुततात, विमानाचे नाक खाली जाते आणि काही क्षणांत विमान उलटे होते. ही चूक बहुतेक वेळा उतरताना नव्हे, तर त्याआधीच्या उड्डाणात सुरू होते. धावपट्टीवरून निघून जवळच्या जलाशयावर जायचे असते, अंतर थोडे असते, चाके वर घ्यायची राहून जातात, आणि फ्लोटमुळे विमान मुळातच संथ असल्याने वेगातील फरकही जाणवत नाही. म्हणून उड्डाणानंतरची चेकलिस्ट, अंतर कितीही कमी असले तरी, मोठ्याने वाचून पूर्ण करावी.

उतरण्यापूर्वी ‘गिअर?’ (चाके कशी आहेत?) या प्रश्नाला ‘चेक्ड’ किंवा ‘सेट’ असे उत्तर कधीही स्वीकारू नये, कारण त्यातून काहीच कळत नाही. आधी पृष्ठभाग आणि मग चाकांची स्थिती, या क्रमाने ‘वॉटर लँडिंग, व्हील्स अप’ असे पूर्ण उत्तर द्यावे. अनेक ॲम्फिबियन विमानांत चाके वर असल्याचे निळे आणि खाली असल्याचे हिरवे दिवे असतात. वर्षानुवर्षे हिरवे दिवे पाहून निश्चिंत होण्याची सवय लागलेल्या वैमानिकाने येथे दिव्यांवर थांबू नये. प्रत्येकाने आपापल्या बाजूच्या खिडकीतून किंवा आरशातून फ्लोटकडे प्रत्यक्ष पाहावे, समोर पाणी आहे की डांबर हे पाहावे, आणि मगच बोलावे. अंतिम टप्प्यावर हीच तपासणी पुन्हा करावी.

आपल्याकडे वयाने किंवा हुद्द्याने मोठ्या माणसाला टोकणे अवघड वाटते. कॉकपिटमध्ये हा संकोच घातक आहे. ‘सर, चाके खाली आहेत, गो अराउंड’ (म्हणजे न उतरता पुन्हा वर चला) हे वाक्य को-पायलटने कोणत्या क्षणी म्हणायचे आणि कॅप्टनने ते ऐकताच काय करायचे, हे उड्डाणापूर्वीच्या ब्रीफिंगमध्ये कॅप्टननेच सांगून ठेवावे.

दुसरी मोठी चूक म्हणजे मध्येच तुटलेली चेकलिस्ट. 16 ऑगस्ट 1987 रोजी डेट्रॉइट येथे एका प्रवासी विमानाच्या वैमानिकांकडून टॅक्सी चेकलिस्ट (विमान धावपट्टीकडे नेताना वाचायची यादी) राहिली, फ्लॅप (उड्डाणावेळी जास्त उचल देणारे पंखांचे सरकते भाग) लावले गेले नाहीत आणि 156 जणांचा मृत्यू झाला. पाण्यावर असे व्यत्यय अधिक येतात, कारण सीप्लेनला पाण्यात ब्रेक नसतात आणि इंजिन सुरू होताच विमान सरकू लागते. त्यामुळे जितकी तपासणी शक्य आहे तितकी विमान जेट्टीला बांधलेले असतानाच संपवावी. वाचन तुटले तर ‘आपण बहुधा इथे होतो’ असा अंदाज न बांधता तो भाग पहिल्या ओळीपासून पुन्हा वाचावा. वॉटर रडर (पाण्यात विमान वळवणारे फ्लोटमागचे सुकाणू) उड्डाणापूर्वी वर घेतल्याची ओळही याच घाईत सुटते.

जेट्टीवरच्या कामांत फ्लोट उपसण्याला पुरेसा वेळ द्यावा. मुख्य फ्लोटमध्ये किमान चार जलरोधक कप्पे असतात. प्रत्येक कप्प्याचे रबरी बूच काढून हातपंप लावावा आणि पाणी संपेपर्यंत किती वेळा ओढावे लागले ते मोजून लिहून ठेवावे. एखाद्या कप्प्यातून कालच्यापेक्षा बरेच जास्त पाणी निघाले, तर नुसते उपसून निघू नये. गळती कुठे आहे ते शोधावे.

आपल्या भागाचे हवामानही यादीत असले पाहिजे. हतनूरसारख्या, समुद्रसपाटीपासून सुमारे 700 फूट उंचीवरील जलाशयावर मे महिन्यात तापमान 44 अंश असेल, तर विरळ हवेमुळे विमान जणू 4,300 फुटांच्या आसपास असल्यासारखे वागते आणि पाण्यावरची धाव बरीच लांबते. हिवाळ्यातील निवांत सकाळी अडचण वेगळीच असते: पाणी आरशासारखे स्थिर होते आणि उंचीचा अंदाज डोळ्यांना येत नाही. अशा वेळी काठाला समांतर, काठ नजरेत ठेवून यावे, मिनिटाला सुमारे 150 फूट या संथ गतीने उतरत राहावे आणि फ्लोट टेकेपर्यंत विमानाची स्थिती बदलू नये. पावसाळ्यानंतर वाहून आलेले ओंडके, जलपर्णी आणि मासेमारीची जाळी यांसाठी उतरण्याच्या पट्ट्यावरून आधी एक फेरी मारावी.

प्रवाशांना सूचना देताना लाईफ जॅकेट घालून दाखवावे आणि ते केबिनच्या आत कधीही फुगवू नये, हे कारणासह सांगावे: उलट्या झालेल्या विमानात फुगलेले जॅकेट माणसाला वर ढकलून धरते आणि पाण्याखालच्या दारापर्यंत जाऊ देत नाही. प्रत्येक प्रवाशाला दाराची मूठ एकदा स्वतःच्या हाताने फिरवू द्यावी. एका हाताने दाराजवळचा आधार पकडून ठेवायचा, दार उघडायचे आणि त्यानंतरच पट्टा सोडायचा, हा क्रम त्याच्याकडून म्हणवून घेतल्याशिवाय जेट्टीचा दोर सोडू नये.