बेटावरच्या आपत्ती प्रशिक्षणात या चुका टाळा

रायगड-रत्नागिरीच्या खाडीमुखांवरील बेटांवर आणि ज्यांचा बाहेरच्या जगाशी संबंध केवळ जेट्टीमुळे टिकून आहे अशा वाड्यांवर मी बरीच वर्षे आपत्ती प्रशिक्षण देत आलो आहे. चुका दर वर्षी त्याच होतात आणि त्यांतील सर्वांत मोठी चूक मी स्वतः केलेली असल्यामुळे तिच्यापासूनच सुरुवात करतो.

रंगीत तालमीचा दिवस तिथी न पाहता ठरवणे ही ती चूक. एका बेटावर आम्ही पाहुण्यांच्या सोयीने दुपारी बाराची वेळ घेतली. तो दिवस अष्टमीचा होता, हे कोणी पाहिले नाही. वाडीपासून जेट्टीपर्यंत खारे पाणी अडवणाऱ्या खारबंदिस्तीच्या बांधावरून जाणाऱ्या वाटेने सगळे गाव बावीस मिनिटांत बाहेर पडले, टाळ्या झाल्या, छायाचित्रे निघाली आणि अहवालात 'यशस्वी' असा शब्दही पडला. पुढच्या अमावास्येला प्रमाणपत्रे वाटण्यासाठी मी साडेअकराच्या सुमारास त्याच जेट्टीवर उतरलो, तेव्हा बांध पाण्याखाली होता आणि माझ्या पिशवीतील प्रमाणपत्रे डोक्यावर धरून मला गुडघाभर पाण्यातून चालावे लागले. दारात जाळे विणत बसलेल्या आजी शांतपणे म्हणाल्या, "आमाला वाटलं, सरांना ठाव असंल."

ठाऊक असायलाच हवे होते, कारण या किनाऱ्यावरचे शेंबडे पोरही तिथीला तीनने गुणून चारने भागते आणि पूर्ण भरतीची वेळ ढोबळमानाने सांगते. अष्टमीचे सहा वाजतात, म्हणजे दुपारी बाराला ओहोटी. शिवाय ते दिवस भांगाचे, म्हणजे भरतीचे पाणीही फारसे चढत नाही. अमावास्या-पौर्णिमेला मात्र भरती अकरा-साडेअकराला येते आणि मोठ्या उधाणात ती मुंबई-रायगडच्या किनाऱ्यावर साडेचार मीटरच्या वर जाते. चक्रीवादळाने ढकललेले पाणी नेमके अशा उधाणावर चढले, तर ओहोटीला आखलेला मार्ग कागदावरच राहतो. तेव्हापासून मी प्रत्येक गावात दोन तालमी घेतो: एक उधाणाच्या ऐन भरतीला आणि दुसरी रात्री, गावातील दिवे बंद करून. जेट्टीकडे जाणारी वाट मी पहिला पर्याय म्हणून धरत नाही. बेटावरचीच उंच जागा, बहुधा देवळाची टेकडी, आधी पाहतो. दोन तालमींना वेळ नाही असे सांगणाऱ्या संयोजकांना मी अलीकडे नम्रपणे नकार देतो.

दुसरी चूक मोबाईलवर विसंबण्याची आहे. ३ जून २०२० रोजी 'निसर्ग' चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर आले, तेव्हा विजेचे खांब आडवे झाले, मोबाईलचे मनोरे बंद पडले आणि काही गावांत वीज यायला कित्येक आठवडे लागले. तरीही नवीन स्वयंसेवक सर्वप्रथम व्हॉट्सॲप गट तयार करतात आणि काम संपल्याच्या समाधानात चहा घेतात. माझ्याकडे यावर एकच जुनी रीत आहे: देवळाची घंटा, आणि प्रत्येक घराने पुढच्या दोन दारांवर जाऊन हाळी देणे. ज्यांना चालता येत नाही त्यांची नावे आणि त्यांना कोण उचलणार त्यांची नावे एका वहीत असतात. ही यादी करताना तरुणांची नावे भराभर पुढे येतात. मात्र त्यांतले निम्मे मुंबईला नोकरीत असतात आणि गणपती-शिमग्यालाच उगवतात, तर उरलेले बोटीवर असतात. दिवसा गावात बायका असतात, म्हणून प्रशिक्षण आधी त्यांना द्यावे.

वादळाचा इशारा म्हणून बंदरावर लावल्या जाणाऱ्या बावट्याच्या आकड्याचा अर्थ न शिकवणे ही चूक लहान वाटते, पण पाच नंबरपेक्षा सहा नंबर अधिक भयंकर असे मानणारे तांडेल, म्हणजे बोटीचे प्रमुख, मला भेटले आहेत. पाच, सहा आणि सात हे तिन्ही धोक्याचेच बावटे असून वादळ बंदराच्या कोणत्या बाजूने किंवा थेट बंदरावरून जाणार, एवढाच त्यांच्यात फरक आहे.

वारा एकदम पडला म्हणून उडालेले पत्रे गोळा करायला बाहेर पडणे जिवावर बेतू शकते. वारा हळूहळू ओसरला तर वादळ सरले असे समजावे. तो अचानक थांबला तर बहुधा वादळाचा डोळा माथ्यावर आहे आणि थोड्याच वेळात तोच वारा उलट्या दिशेने येणार आहे. पहिल्या माऱ्यात एका बाजूला कललेली माडा-पोफळीची झाडे दुसऱ्या माऱ्यात उन्मळतात. उलटा वारा येऊन ओसरेपर्यंत दाराची कडी काढायची नाही, असा माझा नियम आहे.

'त्सुनामी आपल्याकडे येत नाही' हे वाक्य तर बंदच करावे. नोव्हेंबर १९४५ मध्ये पाकिस्तान-इराणच्या मकरान किनाऱ्यावरील भूकंपाने उठलेल्या लाटा मुंबईपर्यंत पोहोचल्या होत्या. इंडोनेशियाच्या सिमेउलुए बेटावर १९०७ च्या लाटेची आठवण आज्यांनी गोष्टींतून जपली होती. म्हणून २६ डिसेंबर २००४ रोजी जमीन हादरताच लोक सूचनेची वाट न पाहता डोंगरावर गेले आणि सुमारे ७८,००० वस्तीच्या त्या बेटावर लाटेने सातच जण दगावले.

पोहता येते म्हणून बुडणाऱ्यासाठी उडी मारणारा उत्साही मुलगा प्रत्येक तुकडीत असतो. त्याला मी आधी पाच लिटरचा कॅन देतो: तळाला थोडे पाणी ठेवायचे, झाकण घट्ट लावायचे, मुठीला पंधरा मीटर दोरी बांधायची आणि तो बुडणाऱ्याच्या पलीकडे पडेल असा फेकायचा. दहापैकी आठ फेका नेमक्या पडेपर्यंत त्याला पाण्यात उतरू देत नाही. मुलांना याचा कंटाळा येतो. आपत्तीत मदत करणाऱ्या स्वयंसेवकांसाठीच्या 'आपदा मित्र' या सरकारी योजनेचे प्रशिक्षण बारा दिवसांचे असताना "अर्ध्या दिवसात प्रमाणपत्र मिळेल का?" असे विचारणाऱ्यांना तर अधिकच येतो.

लाइफ जॅकेट माळ्यावर बांधून ठेवू नये. ते उशाला घेऊन झोपूही नये, कारण आतला फोम दबतो.

जिल्हा नियंत्रण कक्षाचा १०७७ आणि तटरक्षक दलाचा १५५४ हे क्रमांक मी प्रत्येक घराच्या दारामागे तैलरंगाने लिहून घेतो. चिकटवलेला कागद खाऱ्या हवेत एका पावसाळ्यात गळून पडतो.